कोकण किनाऱ्यावर माउंटन बाईकची चाकं ट्युबलेस करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेवस ते रेडी सागरी महामार्गावर, जांभ्याच्या सड्यांवर (उघड्या कातळपठारांवर) आणि घाटउतारांवर माउंटन बाईक चालवणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घरच्या पडवीत बसून हे काम स्वतःच्या हाताने करणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. माझं मत आधीच सांगतो: किनाऱ्यावर ट्युबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेलं चाक, टिकणार की नाही, हे टायरच्या किंवा सीलंटच्या नावापेक्षा रिमच्या आतल्या बाजूवर ठरतं. म्हणून त्या भागाला जास्त जागा दिली आहे.

ट्यूब नसताना हवा थांबते कशी?

टायरच्या दोन्ही कडा, ज्यांना दुकानात बीड म्हणतात, त्या रिमच्या भिंतींना लागून घट्ट बसतात आणि हवेच्या दाबाने आणखी आवळल्या जातात. स्पोकची भोकं आतून टेप लावून बंद केलेली असतात. व्हॉल्व्ह रबरी बुडासकट थेट रिममध्ये बसवलेला असतो. उरलीसुरली बारीक छिद्रं सीलंट बुजवतं. सीलंट म्हणजे बहुधा लॅटेक्सचं दूध, त्यात ते लवकर गोठू नये म्हणून काही द्रव्यं आणि छिद्रात अडकून बसणारे बारीक कण. काटा घुसला की हवा त्या भोकातून बाहेर पडताना सीलंट सोबत ओढून नेते, कण अडकतात, लॅटेक्स गोठतं आणि भोक बंद होतं. दोडामार्गाकडे रबराच्या बागांमधून वाटीत ठिबकणारा चीक पाहिला असेल, तर ही क्रिया वेगळी समजावून सांगायला नको.

माउंटन बाईकसाठी ही पद्धत 1999 साली माविक, मिशेलिन आणि हचिन्सन यांनी यूएसटी या नावाने आणली. त्यात रिम आणि टायर दोन्ही खास बनावटीचे लागत. पुढे टेप आणि सीलंटचा मार्ग रुळला आणि साध्या रिमही ट्युबलेस करता येऊ लागल्या. आज आपण घरी करतो ती हीच दुसरी पद्धत.

कोकणात याचा खरंच उपयोग आहे का?

आहे, आणि कारणं इथल्या जमिनीतच आहेत. घाटावर बाभळीचा त्रास, तसा इथे करवंद, बोर, घाणेरी आणि लाजाळूचा. उन्हाळ्यापूर्वी वाड्यांच्या कुंपणांना काटेरी फांद्या रचल्या जातात, त्यांचे तुकडे पाणंदीत पडून राहतात आणि वाळल्यावर जास्तच टणक होतात. एका फेरीत तीन-चार काटे टायरमध्ये सापडणं इथे नवलाचं नाही. ट्यूब असेल तर प्रत्येक काटा म्हणजे एक पंक्चर. ट्युबलेसमध्ये यातले बहुतेक काटे घरी येऊन टायर पुसतानाच कळतात.

दुसरं कारण जांभा. रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या सड्यांवर कातळाच्या कडा धारदार असतात. हवा कमी असली की टायर कातळावर आपटतो, ट्यूब रिम आणि दगडामध्ये चेमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ते टाळायला हवा जास्त भरली तर चाक दगडावरून उसळतं आणि हाताला हादरे बसतात. ट्यूबच नसेल तर चेमटायला काही उरत नाही, म्हणून हवा कमी ठेवून चालवता येतं. माझ्या मते हा फायदा पंक्चर वाचण्यापेक्षाही मोठा आहे. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं पाहायला सड्यावरून जाताना फरक पहिल्या काही मिनिटांत कळतो. (कातळशिल्पांवरून चाक कधीही नेऊ नका. सायकल लांब उभी करून चालत जा.)

वजन वाचतं असंही सांगितलं जातं. 29 इंची चाकाची साधी ट्यूब साधारण 200 ग्रॅम असते, तिच्या जागी 100 ग्रॅमच्या आसपास सीलंट जातं, शिवाय टेप आणि व्हॉल्व्ह. वाचतं ते थोडंच, त्यासाठी एवढा खटाटोप करू नका.

मग कोणी करू नये?

सायकल महिनोन् महिने पडवीत उभी राहत असेल, तर करू नका. सीलंट वाळतं, हवा उतरते, टायर रिकामा उभा राहून कड सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून काम करावं लागतं. फक्त बाजारात आणि शाळेत जाणाऱ्या सायकलला ट्यूबच बरी. आठवड्याला हवा पाहणं आणि दोन-तीन महिन्यांनी सीलंट पाहणं ज्याला जमेल, त्यानेच यात पडावं.

माझी रिम चालेल की नाही, हे कसं ओळखायचं?

टायर, ट्यूब आणि आतली रबरी पट्टी काढा. स्पोकच्या निपलांची (स्पोक रिमला आवळून धरणाऱ्या छोट्या नटांची) डोकी रिमच्या आतल्या पृष्ठभागावरच दिसत असतील, तर ती एकेरी भिंतीची रिम. ती ट्युबलेस करण्याच्या नादी लागू नका. निपलांची डोकी खोल पोकळीत, भोकाच्या तळाशी दिसत असतील, तर ती दुहेरी भिंतीची रिम, आणि तिथून पुढे विचार करता येतो.

नंतर कडेजवळचा भाग बघा. ट्युबलेससाठी बनवलेल्या रिममध्ये भिंतीला लागून एक सपाट पायरी असते आणि पायरीच्या आतल्या बाजूला बारीक उंचवटा असतो. कड त्या उंचवट्यावरून पलीकडे उडी मारून बसते आणि हवा कमी झाली तरी सहज सुटत नाही. असा उंचवटा असेल तर निर्धास्त पुढे जा. नसेल, पण रिम दुहेरी भिंतीची आणि सरळ असेल, तर प्रयत्न करता येतो. मात्र हवा थोडी जास्त ठेवावी लागेल, आणि जोरात वळताना कड क्षणभर सुटून फस्सकन हवा जाण्याची शक्यता राहील.

रिमचा सांधाही पाहा. वेल्ड केलेला सांधा आतून सलग असतो. पिन घालून जोडलेल्या स्वस्त रिममध्ये तिथे नखाला लागेल एवढी फट असते आणि हवा तिथून झिरपते. टेप त्या जागी नीट दाबून बसली, तर भागतं.

सायकलला डिस्क ब्रेक नसून रिमवर घासणारे ब्रेक असतील, तर बाहेरच्या भिंतीवर बोट फिरवा. वाळू आणि ब्रेक मिळून ती झिजवतात. भिंत आत दबलेली, खोलगट लागली तर ती रिम ट्युबलेससाठीच काय, ट्यूबसाठीही निकामी समजा. दाबाखाली अशी भिंत फुटू शकते.

खारी हवा रिमला काय करते?

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. आपल्याला तो सगळ्यात आधी पडायला हवा.

ॲल्युमिनियमवर मिठाचं पाणी साचून राहिलं की पांढरी पूड धरते आणि खाली बारीक खड्डे पडतात. हे खड्डे टायरच्या कडेखाली असतील तर कड कितीही घट्ट बसवली तरी हवा बारीक बारीक झिरपत राहते. टेपच्या खाली असतील तर टेप चिकटत नाही. स्पोक पोलादाचा आणि निपल ॲल्युमिनियमचं असेल, तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंमध्ये क्रिया होऊन निपल आतून खाल्लं जातं. ते वरून धड दिसतं आणि एके दिवशी टचकन तुटतं. किनाऱ्यावर पितळी निपलच वापरावीत. चाक नव्याने बांधून घेणार असाल, तर स्टेनलेस स्पोक आणि पितळी निपल एवढं दुकानदाराला स्पष्ट सांगा.

हे सगळं टेप लावण्याआधीच का पाहायचं? कारण स्पोक तुटला तर तो टायर न काढताही बदलता येतो, पण निपल बदलायचं तर टायर, सीलंट, टेप सगळं उतरवावं लागतं. म्हणून टेप लावण्यापूर्वी प्रत्येक निपल चावीने किंचित फिरवून बघा. अडकलेली, गंजलेली, कोपरे झिजलेली निपलं आत्ताच बदला आणि चाक सरळ करून घ्या. ताण बदलल्यावर टेप लावणं हाच योग्य क्रम आहे.

पांढरी पूड बारीक, 400 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासून काढता येते. खड्डे नखाला लागतील एवढे खोल असतील, तर ती रिम ट्यूबवरच चालवा.

टेप कोणती घ्यायची आणि कशी लावायची?

ट्युबलेससाठी म्हणून विकली जाणारी टेप घ्या. पॅकिंगची चिकटपट्टी आणि काळी इलेक्ट्रिक टेप दोन्ही उष्णतेत सरकतात, त्यांचा गोंद सीलंटमध्ये विरघळतो. टेपची रुंदी रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा 2 ते 4 मिलिमीटर जास्त हवी, म्हणजे ती खोबणीचा खोलगट भाग झाकून कडेच्या पायरीपर्यंत पोचते. आतून 25 मिलिमीटर रुंद रिमला 27 ते 29 मिलिमीटरची टेप चालेल. अरुंद टेप कडेने उचलते. फार रुंद टेप भिंतीवर चढते आणि कड बसू देत नाही.

रिम साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. मग मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्पिरिटने आतली बाजू पुसा आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका. आपल्याकडची दमट हवा इथे आडवी येते. जून ते सप्टेंबरमध्ये धातूवर न दिसणारा ओलावा असतो आणि टेप वरवर चिकटल्यासारखी वाटून दोन आठवड्यांत उचलते. काम आगोटीच्या आधी, एप्रिल-मेमध्ये उरकलेलं उत्तम. पावसाळ्यातच करायची वेळ आली, तर केस वाळवायच्या मशीनने रिम हाताला गरम लागेपर्यंत तापवा आणि लगेच टेप लावा.

व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूने सुरुवात करा. टेप ताणून धरायची, अंगठ्याने मधोमध दाबत जायचं, मग दोन्ही कडांकडे. ताण हवाच, ढिली टेप खोबणीत बसत नाही आणि खाली हवेचे बुडबुडे राहतात. फेरा पूर्ण झाल्यावर चार ते सहा इंच टेप वरून जाऊ द्या. एकट्याने चाक मांडीवर धरून हे अवघड जातं. फोर्क उलटा करून चाक त्यात बसवा आणि कुणाला तरी चाक हळूहळू फिरवायला सांगा.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. टेप लावल्यावर लगेच व्हॉल्व्ह आणि सीलंटकडे वळू नका. जुनी ट्यूब घालून टायर चढवा, चांगली हवा भरा आणि चाक रात्रभर तसंच ठेवा. ट्यूब टेपला सगळीकडून सारखी दाबते आणि कोपऱ्यांतली पकड घट्ट होते. ट्यूबसाठी व्हॉल्व्हचं भोक लागतंच, ते तापवलेल्या खिळ्याने किंवा गोल टोच्याने पाडा. ब्लेडने फुली मारली, तर चीर पुढे फाटत जाते.

माझ्या रिमला मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह आहे. चालेल का?

चालेल. आपल्याकडच्या बऱ्याच माउंटन बाईकना श्रेडर व्हॉल्व्ह असतो. त्याचं भोक साधारण 8.5 मिलिमीटर, तर बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचं 6.5 मिलिमीटर असतं. श्रेडरच्या मापाचे ट्युबलेस व्हॉल्व्ह मिळतात, शोधून तेच घ्या. गावातल्या कुठल्याही पंपाने हवा भरता येते, हा किनाऱ्यावर मोठा फायदा आहे. मोठ्या भोकात प्रेस्टा बसवायचा तर त्याचा रबरी बूड रुंद हवा. नुसती वॉशर घालून भागवलं तर तिथूनच गळती सुरू होते.

आतली पिन काढता येणारा व्हॉल्व्हच घ्या, सीलंट तिथूनच भरायचं असतं. बाहेरची चकती हाताने आवळा, पक्कडीने नको. वाटेत ट्यूब घालायची वेळ आली तर ती बोटांनी सुटली पाहिजे.

टायर बदलावा लागेल का?

टायरच्या बाजूवर ट्युबलेस रेडी किंवा टीएलआर असं लिहिलेलं असेल तर तोच चालेल. नसेल तर शक्य असल्यास बदला. सायकलसोबत येणाऱ्या तारेच्या कडेच्या टायरची भिंत सच्छिद्र असते, सीलंट घामासारखं बाहेर झिरपतं आणि कडेचं माप अचूक नसतं. असे टायर काही वेळा बसतात, पण घाटउतारावर त्यांच्यावर विसंबावं असं मला वाटत नाही.

माप टायरवर मिलिमीटरमध्ये असतं: 26 इंचीसाठी 559, 27.5 साठी 584 आणि 29 साठी 622. खरेदी करताना हेच आकडे जुळवा. सड्यावर चालवणार असाल तर बाजूची भिंत जाड असलेला टायर निवडा. तो वजनाला जड असतो, पण जांभा टायरची बाजूच कापतो, आणि तिथे सीलंटचा उपाय चालत नाही.

टायर बसतच नाही, हवा भरतोय तशी निघून जातेय. काय करू?

हवा धीम्या गतीने आत जाते आणि सैल कडेतून बाहेर पडते, म्हणून असं होतं. कडेला आणि रिमच्या भिंतीला भांडी धुण्याच्या साबणाचं दाट पाणी ब्रशने लावा. व्हॉल्व्हची पिन काढून टाका, म्हणजे हवा मोकळी आत शिरेल. मग उभ्या पंपाने न थांबता जोरजोरात मारा. कड खोबणीतून वर चढते तेव्हा टक्, टक् असा मोठा आवाज होतो, त्याला घाबरू नका. टायरवर छापलेली आणि रिमची, यांपैकी जी कमाल मर्यादा कमी असेल, तिच्यापुढे मात्र कधीही जाऊ नका. आवाज येत नाही म्हणून हवा वाढवत जाणं धोक्याचं आहे.

एवढ्याने जमलं नाही, तर ट्यूबची युक्ती करा. आत ट्यूब घालून दोन्ही कडा बसवा, मग फक्त एका बाजूची कड सोडवून ट्यूब बाहेर काढा आणि ट्युबलेस व्हॉल्व्ह बसवा. दुसरी बाजू बसलेलीच राहते. आता एकच कड बसवायची उरली, आणि साध्या पंपाने ती बसते. घडी घालून आलेला टायर आधी तासभर उन्हात ठेवला तर तोही नरम पडून गोल होतो.

पेट्रोल पंपावरचा कंप्रेसर उपयोगी आहे, कारण त्याच्या टाकीत हवा साठलेली असते आणि ती एकदम सुटते. गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारं छोटं यंत्र या कामाला चालत नाही, त्याची हवा फारच हळू येते. प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर बरोबर न्या, आणि लक्षात ठेवा, तो पिनच्या आट्यांवर बसतो, म्हणून पेट्रोल पंपावर पिन आतच ठेवावी लागते. पंपावरच्या मुलाला आकडा आधी सांगा. गाडीचा दाब लावलेला असेल तर मशीन 30-35 पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) थांबतं, तेवढं बहुतेक वेळा पुरतं.

कड बसल्यावर चाक हातात फिरवून टायरच्या बाजूवरची बारीक रेघ पाहा. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी आत बुडाली असेल, तर तिथली कड अजून वर आलेली नाही.

सीलंट किती घालायचं? किती दिवसांनी बदलायचं?

26 इंचीला 60 ते 80 मिलिलिटर, 27.5 ला 90 च्या आसपास, 29 ला 100 ते 120. पहिल्यांदा घालताना थोडं जास्तच घाला, कारण कोरड्या टायरच्या भिंती काही शोषतात. बाटली आधी खूप हलवा, काम करणारे कण तळाशी बसलेले असतात. भरून झाल्यावर चाक फिरवा, मग बादलीवर आडवं ठेवून एक बाजू, पालटून दुसरी, असं दहा-दहा मिनिटं ठेवा.

बाटलीवर काही का लिहिलेलं असेना, आपल्या उन्हाळ्यात दोन महिन्यांनी तपासा. पिन काढून व्हॉल्व्हमधून बारीक काडी आत घाला. ओलं टोक वर आलं तर ठीक, कोरडी आली तर भर घाला. टायर काढून आतला वाळलेला थर सोलायचं काम वर्षातून एकदा पुरे, आणि त्याला आगोटीच्या आधीचा काळ चांगला. सायकल उन्हात तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवत असाल तर ती घराच्या सावलीत हलवा. सीलंट निम्म्याने जास्त टिकलं नाही तरी काही आठवडे नक्की वाचतात.

स्कूटरच्या टायरमध्ये घालतात ते जेल वापरलं तर?

ते जाड, तंतूंनी भरलेलं असतं आणि जड, आधीच हवाबंद बसलेल्या टायरसाठी बनवलेलं असतं. सायकलच्या टायरची कड आणि सच्छिद्र भिंत ते नीट बंद करत नाही, व्हॉल्व्ह मात्र बुजवतं. स्वस्त पडतं म्हणून मोह होतो, तरीही नको.

हवा किती ठेवायची?

चालवणाऱ्याचं वजन, टायरची रुंदी आणि जमीन यांवर ते ठरतं. 65 ते 75 किलो वजन आणि 2.2 ते 2.3 इंची टायर असेल तर मागे 26 ते 28 पीएसआय, पुढे 2-3 ने कमी, इथून सुरुवात करा. ट्यूब असताना याच सायकलला 35 ते 40 लागायचे. उंचवटा नसलेल्या रिमला यात 3-4 वाढवा. मग एकेका पीएसआयने खाली येत जा. कातळावरून जाताना रिम ठक्कन लागली की थोडी वाढवा.

सागरी महामार्गावर लांबचा डांबरी पल्ला असेल तर 30 च्या वर न्या, पाय वाचतात. पावसाळ्यात ओल्या चिऱ्यांच्या पाखाडीवर हवा कमी केल्याने पकड वाढते, पण शेवाळ धरलेल्या कातळावर कुठलाही टायर पकड धरत नाही. तिथे उतरून चालावं. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका. कमी दाबात 3 पीएसआयचा फरक मोठा असतो, आणि तो दाखवणारा छोटा काट्याचा किंवा डिजिटल गेज स्वस्तात मिळतो.

नवीन टायरची हवा रात्रीत उतरते. काम बिघडलं का?

पहिले काही दिवस उतरणारच. रोज हवा भरा आणि सायकल चालवा, उभी ठेवू नका. चालवण्याने सीलंट कानाकोपऱ्यांत जातं. आठवड्याभरानंतर, आठवड्याला दोन-तीन पीएसआय उतरणं सामान्य आहे.

त्यानंतरही रात्रीत टायर बसत असेल तर साबणाच्या पाण्याने शोधा. फेस कडेजवळ आला तर कड साफ करून पुन्हा बसवा. व्हॉल्व्हच्या बुडाशी आला तर चकती थोडी आवळा. स्पोकच्या निपलातून आला, तर टेप उचलली आहे. ती पुन्हा लावण्याला पर्याय नाही, आणि सीलंट वाढवून तो टाळायचाही नाही, कारण अमोनिया असलेलं सीलंट रिमच्या पोकळीत साचून निपलं खात राहतं.

वाटेत मोठं भोक पडलं तर?

काटा दिसला तर उपटा, भोक खाली जमिनीकडे येईल असं चाक फिरवा आणि मिनिटभर थांबा. सीलंट साधारण 3-4 मिलिमीटरपर्यंतचं भोक स्वतः बुजवतं. त्याहून मोठं असेल तर चिकट रबरी स्ट्रिप सुईत ओवून भोकात घाला आणि सुई झटक्याने मागे ओढा. बाहेर राहिलेलं शेपूट लगेच मुळापासून कापू नका, थोडं राहू द्या. सायकलची स्ट्रिप बारीक असते, गाडीच्या किटमधली जाड स्ट्रिप छोटं भोक उगाच मोठं करते.

बाजूची भिंत चिरली असेल तर स्ट्रिप टिकत नाही. खाडीकाठच्या खडकांवर कालवांच्या कवचांनी हेच होतं. आतून जुन्या टायरचा किंवा टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा तुकडा लावून साधी ट्यूब घालायची. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आत बोटं फार जपून फिरवा: सीलंटने आजवर गुपचूप बुजवलेले सगळे काटे तिथे टोकं वर करून असतात. ते काढले नाहीत तर नवी ट्यूब शंभर मीटरही जात नाही.

ट्युबलेस केलं म्हणून ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या घरी ठेवणारे भेटतात. आपल्याकडे वेसवी-बागमांडला किंवा दाभोळ-धोपावेसारखी फेरीबोट पकडून खाडी ओलांडली की पुढचं सायकल दुकान कुठे असेल सांगता येत नाही. हे तिन्ही बरोबर असू द्या.

कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी वापरावीत का?

अगदी अडचणीत. तो वायू अतिथंड बाहेर पडतो आणि बरीच लॅटेक्स सीलंटं त्याने गोठतात. वापरलाच तर व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा, घरी आल्यावर तो वायू सोडून साधी हवा भरा आणि सीलंट तपासा.

समुद्राच्या वाळूत चालवलं तर?

ओहोटीच्या वेळी, पाण्याजवळच्या घट्ट वाळूवर 15-18 पीएसआयपर्यंत उतरून चालवता येतं, पण उंचवट्याच्या रिमवरच, आणि जोरात वळायचं नाही. कडेत वाळूचा कण शिरला की हवा तिथून जाते. पाण्यात चाक घालू नका. स्पोकच्या आणि व्हॉल्व्हच्या भोकांतून खारं पाणी रिमच्या पोकळीत शिरतं आणि टेप असल्यामुळे सहज वाळतही नाही.

परत आल्यावर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. नळाचं साधं पाणी हलकेच सोडा, गाड्या धुण्याचा जोराचा फवारा हबच्या बेअरिंगमध्ये आणि निपलांमध्ये पाणी घुसवतो. मग चाक व्हॉल्व्ह खाली येईल असं थोडा वेळ धरा, आत गेलेलं पाणी भोकातून निथळतं. निपलांच्या मुळाशी साधं मशीन ऑइल थेंब थेंब लावून पुसून घ्या. डिस्कवर त्याचा एकही थेंब जाऊ देऊ नका.

पावसाळ्यात सायकल उभी राहणार आहे. काय तयारी करावी?

हवा 30 च्या आसपास ठेवा आणि शक्य असेल तर चाकं जमिनीवरून उचलून टांगा. आठ-दहा दिवसांनी हवा पाहून चाक अर्धा फेरा फिरवा, म्हणजे सीलंट एकाच जागी साचून गोळा होत नाही. गणपतीला गावी आल्यावर पहिल्यांदा बाहेर काढणार असाल तर जाण्याच्या आदल्या दिवशी सीलंट तपासा, त्याच सकाळी नव्हे.

सीलंट कपड्यांवर किंवा हातावर सांडलं तर?

हातावरचं लगेच पाण्याने धुवा. कपड्यांवर वाळलं तर निघत नाही, म्हणून जुने कपडे घाला आणि खाली गोणपाट पसरा. रबराची ॲलर्जी असेल, म्हणजे फुगे किंवा रबरी हातमोजे यांनी अंगावर पुरळ येत असेल, तर लॅटेक्सचं सीलंट स्वतः हाताळू नका. उरलेलं सीलंट विहिरीजवळ, परसात किंवा गटारात ओतू नका. उघड्या डब्यात वाळू द्या, रबराचा गोळा झाला की कचऱ्यात टाका.

नाही जमलं, तर पुन्हा ट्यूबवर येता येतं का?

हो, काहीही नुकसान न होता. व्हॉल्व्ह काढा, सीलंट पुसा, काटे उपटा आणि ट्यूब घाला. टेप चांगली असेल तर ती तशीच राहू द्या, रबरी पट्टीपेक्षा ती हलकी असते आणि ट्यूबला स्पोकच्या भोकांपासून तेवढीच वाचवते. टायरच्या आत सीलंटचा चिकटपणा राहिला असेल तर ट्यूबला थोडी टाल्कम पावडर लावा, नाहीतर पुढच्या पंक्चरला ट्यूब टायरपासून सुटता सुटत नाही.